ब्रेकवरचा पाय

सातपूरच्या कारखान्यांमागे मल्हारीची पत्र्याची शेड होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रेलर, गाड्यांच्या स्प्रिंगचे मोडके पाटे, येईल ते तो जोडून द्यायचा. एक्याऐंशीच्या जानेवारीत जुन्या गाड्यांचा व्यापारी खंडेराव शेठ तिथं आला. महायुद्धातली एक लष्करी जीप धुळ्याच्या गिऱ्हाइकाला पोचवायची होती. ट्रकमागे दोर बांधून नेऊ म्हणाला, ब्रेकवर बसायला एक माणूस दे.

मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच ती जीप! बंद गाडी दोरानं ओढायची तर ब्रेक दाबायला आत कुणीतरी बसावं लागतं, आणि दोन वर्षांपूर्वी राहुडच्या घाटात याच शेठच्या ट्रकमागे सातपूरचा ड्रायव्हर बारकू बसला होता. उतारावर जीप ट्रकवर जाऊन आदळली, बारकू जागीच गेला. आणि या शेठनं पोलिसांना काय सांगावं? माणूस झोपला होता. पुरावा काय, तर चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या! अरे, बारकू जन्मभर चपला काढूनच ब्रेक दाबत आला. अनवाणी पायाला गाडी कळते म्हणायचा. सातपुरात कुणालाही विचारा. पण मेलेल्याच्या बाजूनं बोलणार कोण? पिंपळगावात त्याची बायको झुंबरबाई बाजाराला निघाली, की लोक अजून म्हणायचे, ती बघा झोपाळूची बायको.

मल्हारीनं शेठला तोंडावर सांगितलं. दोर नाही, माणूसही नाही. जीप ट्रेलरवर चढेल, ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतील आणि ट्रक मी चालवीन. गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून शेठ कुरकुरत तयार झाला.

जीप शेडमध्ये आल्यावर मल्हारी आधी तिच्याखाली शिरला. ब्रेकचा पाइप गंजून कधीचाच फुटलेला, ऑइलचा थेंब नाही. म्हणजे बारकूनं दाबून दाबून दाबलं काय? नुसती हवा! हात काळे करत तो बराच वेळ शिव्या घालत राहिला. वर पेडल जमिनीला टेकलेलं होतं. त्यानं ते उचललं, नवी स्प्रिंग लावली. सकाळी पेडल खालीच. स्प्रिंग कच्ची निघाली असेल म्हणून त्यानं जाड लावली. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. शेडची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

ट्रेलर मात्र त्यानं मन लावून केला. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिला रेटतो. त्या रेट्यानंच दांडी दबून केबल ताणली जायची आणि ट्रेलरचे ब्रेक लागायचे. जीप त्यानं चार साखळ्यांनी जखडली.

निघाले ते सकाळीच. चांदवडला मल्हारी मिसळ खायला बसला, शेठ पाय मोकळे करायला उतरला. मग राहुडचा घाट लागला.

पहिल्याच वळणावर ट्रेलरनं मागून धक्का दिला. ब्रेक लागायला हवे होते, लागले नाहीत. मल्हारीनं गिअर खाली टाकला. धक्के वाढतच गेले.

"शेठ, केबलला हात लावला?"

"चढाला गाडी ओढत नव्हती, ब्रेक घासतात वाटलं... चांदवडला सोडून ठेवली."

ट्रकचे ब्रेक तापून सैल पडले. समोर कठडा, पलीकडे दरी.

आणि गाडी थांबली. हिसका बसला नाही. सरावलेल्या पायानं हळूहळू दाबत आणावी तशी ती थांबली.

मल्हारीनं उतरून चाकांना दगड लावले. ट्रेलरची केबल खाली लोंबत होती, त्याच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम थंडगार. जळका वास वरून येत होता.

जीपची चाकं सातपूरपासून बोटभरही फिरली नव्हती. त्यानं तिच्या ड्रमला हात लावला. तळव्याची कातडी भाजली.

पेडल जमिनीला टेकलेलं होतं.

त्यानं केबल जोडली, दगड काढले. इंजिन गुरगुरलं. भर उतारावर ट्रक जागचा हलेना.

खंडेरावाचं तोंड पांढरं पडलं होतं. "ब्रेक नव्हता," तो पुटपुटला. "बारकूनं दोनदा सांगितलं होतं मला."

"मला काय सांगता? झुंबरबाईला सांगा. चारचौघांत."

"सांगतो."

ट्रक पुढे सरकला.

घाटाखाली गाडी वळवून ते दुपारी पिंपळगावला पोचले. झुंबरबाई दारात कांदे निवडत होती. जीप पाहून ती उठून उभी राहिली. शेजारपाजार जमला. खंडेरावानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मंग दाबला व्हता ना त्यांनी?" तिनं विचारलं.

"दाबला होता."

ट्रेलरवर खट् असा आवाज झाला. पेडल वर आलं होतं.

झुंबरबाई घरात गेली. पोलिसांनी परत दिलेल्या चपला तिनं आणल्या. लढाईतल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे असतं. त्या बाजूला, ट्रेलरखालच्या मातीत तिनं त्या जोडीनं मांडल्या, रस्त्याकडे तोंड करून.

मल्हारी पाणी पिऊन निघताना तिकडे वळला. तोवर ट्रेलरपाशी कुणीच गेलं नव्हतं. चपला एक पुढे, एक मागे, पाऊलभर अंतरावर होत्या आणि दोन्हींचं तोंड घराच्या दाराकडे होतं.