विशालाक्षीबाईंच्या पेशी

सुज्ञ वाचकहो, आमच्या तंजावरी मराठी समाजातील एका अल्पशिक्षित मनुष्याच्या हातून एका थोर संशोधनाची सेवा कशी घडली, आणि ती घडत असता कोणत्याही शास्त्रात न बसणारी एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी कशी पाहिली, ते मी पुढे यथामती निवेदन करीत आहे.

चेन्नईच्या अड्यार भागातील एका संशोधन संस्थेत दुसऱ्या मजल्यावर वादिराज नावाचे गृहस्थ चोवीस वर्षे काचसामान धूत होते. शिक्षण इयत्ता आठवी. परंतु त्यांनी धुतलेल्या बाटलीत बुरशी धरली असे कधी घडले नाही, आणि हा अभिमान ते सदऱ्याच्या खिशातील पेनाप्रमाणे उघड मिरवीत.

तेथील शास्त्रज्ञ कीर्तना कर्करोगावर औषध शोधीत होती. तिने वादिराजांना एकदा समजावले होते, "मामा, प्रत्येक पेशीच्या पोटात मरणाचा हुकूम लिहिलेला असतो. काम संपलं की ती आपली आपण आवरते, लहान लहान गाठोडी बांधते आणि जाते. शेजारणीला कळतसुद्धा नाही. कर्करोगाची पेशी तो हुकूम मानत नाही. आपलं औषध तिला तो मानायला लावणार."

"म्हणजे हट्टी पाहुण्याला गाडीची वेळ सांगायची," वादिराज म्हणाले.

"अगदी तसंच!"

प्रयोगाच्या पेशी विशालाक्षीबाई नावाच्या तंजावरच्या एका शिक्षिकेच्या होत्या. सन २००० मध्ये त्यांनी आपली काढलेली गाठ संस्थेस दिली, तेव्हा सहीचा कागद घेऊन वादिराजच गेले होते. बाई म्हणाल्या होत्या, "औषध सापडेतोवर मी थांबते." महिन्याभरात त्यांचा देह गेला. पेशी मात्र सदतीस अंशांच्या उबदार पेटीत सहा वर्षे वाढत राहिल्या. गाठीतून काढलेल्या पेशी इतक्या टिकत नाहीत, असे सर्वजण म्हणत. वादिराज दर तिसऱ्या दिवशी त्यांचे गुलाबी पोषकद्रव्य तयार ठेवीत आणि त्यांना 'अक्का' म्हणत.

सन २००६ च्या नवरात्रात एकशे सदतिसाव्या औषधाने काम केले. औषध घातलेल्या डिशमधील पेशी गाठोडी बांधून गेल्या; बिनऔषधाच्या डिशमधील जिवंत राहिल्या. कीर्तनाने दोन्ही डिश पुन्हा तपासल्या आणि निकाल वहीत लिहिला.

"सापडलं ना?" वादिराजांनी विचारले.

"निकाल एकदा येऊन चालत नाही, मामा. तीनदा यायला हवं. आणि बिनऔषधाच्या पेशी जगायलाच हव्यात. त्याही मेल्या तर औषधाने मारलं हे कोण मानेल? पंधरा दिवसांनी दिल्लीची समिती येते आहे. तोवर झालं नाही, तर प्रकल्प बंद."

दुसरी फेरी लावून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी चेन्नईत यंत्रांना विश्रांती असते. वादिराजांनी सूक्ष्मदर्शकास गंध लावले, उबेच्या पेटीच्या दारावर चंदन-कुंकवाचा टिळा रेखिला, झेंडूची माळ घातली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. पेटी मंद गुणगुणत होती. त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. त्यांनी दाराशी वाकून हळूच सांगितले,

"अक्का, औषध सापडलं."

गुणगुण क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग पूर्ववत सुरू झाली.

दसऱ्याच्या सकाळी कीर्तनाने पेटी उघडली. औषधाच्या पेशी गेल्या होत्या. बिनऔषधाच्याही गेल्या होत्या.

पोषकद्रव्य स्वच्छ गुलाबी होते. बुरशी नव्हती. वीज गेली नव्हती. सगळीकडे ती नीटस, लहान लहान गाठोडी.

तिने तांबरमच्या महाविद्यालयात फोन लावला. तेथे याच पेशींची एक बाटली होती.

"पूजेआधी छान होत्या," तिकडची मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "आज बघते तर एक नाही, मॅडम. मी काही केलं नाही हो!"

उरल्या गोठवलेल्या तीन कुप्या. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे एकशे शहाण्णव अंशांवर, सहा वर्षे. त्या थंडीत काहीच हालू शकत नाही. मरूही शकत नाही. मरायलाही ऊब लागते, काही तास लागतात.

कीर्तनाने पहिली कुपी वितळवली. मग दुसरी. मग तिसरी.

तिन्हींत गाठोडी होती.

तिने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"मामा, काल तुम्ही इथे काय केलंत?"

वादिराजांना ते सगळे एकदम उमगले. आपल्यात कोणाचा जीव अडकला, की तो ज्यासाठी अडकला ती बातमी कानात सांगतात; नातीचे लग्न ठरले, मुलगा परगावाहून आला. मग माणूस शांतपणे जातो. त्यांनी स्वतः आपल्या आईला असे सांगितले होते. त्यांनी जे घडले ते कथन केले.

कीर्तना हसली नाही. रागावलीही नाही. तिने फक्त पेटीच्या दारावरचा टिळा पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नवीन पेशी आणू. पण यापुढे या खोलीत निकाल बोलायचा नाही."

नव्या पेशी तांबरमचे निवृत्त रेल्वे कारकून माधवराव यांच्या गाठीच्या होत्या. वादिराजांनी बारा दिवस बाटल्या अशा धुतल्या की काच आहे की नाही, हे बोट लागल्यावरच कळावे. एकदा, दोनदा, तीनदा औषधाने काम केले, आणि बिनऔषधाच्या पेशी ठणठणीत जगल्या. समितीने माना डोलावल्या, प्रकल्प पाच वर्षांसाठी मंजूर झाला. छापील अहवालाच्या अखेरीस आभारांत नाव आले: वादिराज. तो अहवाल पिशवीत घालून ते आठवडाभर अड्यारभर फिरले. दिसेल त्यास दाखविला. माणसांना ते औषध देता येण्यास अजून कित्येक वर्षे होती, हेही ते प्रामाणिकपणे सांगत.

त्याच आठवड्यात माधवराव काठी टेकीत तपासणीसाठी आले आणि व्हरांड्यातील बाकावर बसले. चेहरा उतरलेला, नजर मात्र तल्लख.

"काय हो वादिराज, सापडलं का ते? तेवढं कानावर पडलं की मी सुटलो."

अहवाल काखेतील पिशवीत होता. वादिराजांनी प्रयोगशाळेच्या बंद दाराकडे पाहिले. दारातील काचेआड कीर्तना उभी होती. ती मान हलवीत होती, अगदी सावकाश, नाही, नाही.

"अजून नाही, माधवराव," ते म्हणाले.

म्हाताऱ्याच्या गालांवर हळूहळू रंग आला. त्याने काठी भिंतीस टेकविली, पाय लांब केले.

"सरी, ठीक आहे. मग एक कॉफी सांगा."

येथवर मन लावून वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रामस्वामी राव घाटगे
जॉर्ज टाउन, चेन्नई