पानावरचे बैल

लाईट गेली तेव्हा चारूच्या तोंडून फक्त "अगं आई" एवढंच निघालं, पण ते इतक्या काकुळतीनं निघालं की शेजारच्या खुर्चीवरचा कॉलेजकुमार दचकून उठला. समोरचा पडदा काळाठिक्कर पडला होता. तासभर खपून तिनं ट्रकच्या चित्रांना एकेक करून चौकटी घातल्या होत्या, रंग बदलले होते, पुन्हा बदलले होते... आणि आता तिथं फक्त तिचा स्वतःचा घाबरा चेहरा दिसत होता.

"घाबरू नका," अंधारातून आवाज आला. "मघाशी तुम्ही पाणी प्यायला उठलात ना, तेव्हा मी ते फ्लॉपीवर उतरवून ठेवलंय. डिसेंबरात इथे लाईट सांगून जात नाही."

तिच्या जिवात जीव आला, आणि लगेच पुन्हा गेला.

"म्हणजे... तुम्ही माझं पान पाहिलंत?"

"पाहिल्याशिवाय कसं उतरवणार?"

खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिनं मान वर करून पाहिलं. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि ओठांवर हसू यावं की नको या विचारात पडलेला एक मुलगा. तो हेमकांत. पारोळ्याचा. जळगावच्या नव्या पेठेतल्या माडीवर त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, हे सायबर कॅफे निघालं होतं आणि मालकानं ते त्याच्या भरवशावर सोडलं होतं.

आता चारूला एवढी भीती कशाची, ते सांगायला हवं. चारुशीला ही चोपड्याजवळच्या धनसिंग पाटलांची मुलगी. त्यांनी, म्हणजे तिच्या आबांनी, तिला बी. एस्सी.साठी जळगावला अभिमनमामांकडे ठेवलं होतं. कॉलेज, तिथून याच इमारतीत खाली असलेला कॉम्प्युटरचा क्लास, आणि तिथून घर. चौथा रस्ता नाही. क्लास सुटायची वेळ तिनं बेबामामींना एक तास उशिराची सांगितली होती, आणि हा चोरलेला तास ती माडीवर घालवायची. त्यात धुळ्याचं एक स्थळ तिला पाहून गेलं होतं आणि अडून बसलं होतं. मुलीचं शेवटचं वर्ष होऊ द्या, एवढ्यावर आबांनी ते थोपवून धरलेलं. तिच्याबद्दल एक वावगा शब्द चोपड्याला पोचला असता, तर वर्षही गेलं असतं आणि अक्षताही पडल्या असत्या.

आणि हे सगळं कशापायी? तर चित्रांपायी. केळीच्या ट्रकांच्या फाळक्यांवर पेंटर लोक मोर काढतात, कमळं काढतात. बाया धान्याच्या कोठ्यांना मातीचे नाग आणि वेली लावतात. गोधड्यांवर टाके घालतात. जन्मभर हे सगळं पाहून कुणाला त्यात काही वाटत नव्हतं आणि चारूला वाटत होतं. तिनं उसन्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि इंटरनेटवर फुकटात जागा मिळते असं कळल्यावर तिथं 'खान्देशची नक्षी' नावाचं पान थाटलं. स्वतःचं नाव मात्र कुठं घातलं नाही, फोटोही नाही. खाली फक्त 'चोपड्याकडची एक मुलगी' एवढंच लिहिलं.

त्या दुपारपासून हेमकांत तिच्या पानात लक्ष घालू लागला. चित्रं फार मोठी आहेत, टेलिफोनच्या तारेतून ती यायला बघणारा म्हातारा होईल, असं म्हणून त्यानं ती लहान करायला शिकवलं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर किड्यामुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मजकूर लिहून त्याचंच चित्र करून लावायची युक्ती सांगितली. परदेशातल्या लोकांनी विणलेल्या आणि रंगवलेल्या वस्तूंची पानं तो तिच्यासाठी शोधून ठेवायचा. ती आली की काही न बोलता मशीन तिच्याकडे वळवायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा. तिला ते कळायचं. पडद्याकडे पाहतानाही कळायचं.

भांडणंही व्हायची. तिला पानभर लुकलुकणारे तारे हवे होते. त्याला ते मुळीच पसंत नव्हते.

"तारे काढा. डोळे दुखतात."

"दुखले तर तुम्ही पाहू नका."

"ते आता जमणार नाही..." तो म्हणाला आणि एकदम माऊसची वायर सरळ करू लागला, जणू ती वाकडी असल्यानं मोठंच नुकसान होत होतं.

चारूनं तारे काढले. का काढले, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. त्या दिवशी जिना उतरताना मात्र तिला जी धडकी भरली, ती मामींची नव्हती. आपण इथं चित्रांसाठी येतो, असं आता छातीवर हात ठेवून म्हणता येईना. पुढं काय होणार हे उघड होतं, आणि ते तिच्या घरात कुणाच्याच गावी नव्हतं.

पौष लागायच्या सुमाराला तिनं आबांच्या बैलजोडीचा फोटो लावला. पोळ्याला काढलेला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, अंगावर गेरूचे हाताचे पंजे. मोरक्या आणि गुलब्या. मोरक्याचं एक शिंग पुढं झुकलेलं आणि गुलब्याच्या वशिंडावर पांढरा डाग. हेमकांतनं ते चित्र सगळ्यात वर घेतलं आणि म्हणाला, यापुढे तुमच्या ट्रकांकडे कुणी बघणार नाही.

आणि मग आकडा फिरला.

पानाच्या तळाशी किती जणांनी पान उघडलं ते दाखवणारा एक आकडा होता. इतके दिवस तो गोगलगाईच्या गतीनं चालत होता. त्यातले निम्मे पाहुणे म्हणजे चारू स्वतः. एका सोमवारी तिनं पाहिलं तर तो शेकड्यात गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून कितीतरी पुढं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. आनंद व्हायच्या जागी तिनं आधी दाराकडे पाहिलं. एवढे लोक कोण? कुठले? मामांच्या ऑफिसातले तर नसतील?

तिनं हेमकांतला विचारलं. लोकांना आवडतंय, एवढंच तो म्हणाला आणि तिच्या नजरेला नजर दिली नाही. त्याच्या या चोरटेपणानं ती आणखीच घाबरली. रात्री मामांच्या घरी फोन वाजला की तिच्या हातातलं भांडं निसटायचं. मामींनी एकदा कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शनिवारी मामा ऑफिसातून दुपारीच घरी आले. कधी नव्हे ते. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि मामींना सांगितलं, दाजी चोपड्याहून निघालेत. चोपड्याच्या बन्सीलाल शेटजींनी त्यांना निरोप दिलाय. शेटजी परवा भाच्याबरोबर नव्या पेठेत कापसाचे परदेशी भाव बघायला गेले होते. मशीन सुरू केलं तर समोर धनसिंगचे बैल उभे. दुसऱ्या मशीनवर गेले, तिथंही तेच. "कोणीतरी दाजींची जोडी परस्पर विकायला काढलीय," मामा म्हणाले. "दाजी सरळ त्या दुकानावरच जाणार आहेत. मीही निघतो."

चारू दाराआड ऐकत होती. नाव लपवलं होतं, चेहरा लपवला होता, आणि बैल उघड्यावर बांधले होते. खान्देशात माणूस एखादे वेळी चुकेल, पण जोडी ओळखायला चुकत नाही. त्यातून या जोडीला शेटजींनी स्वतः दोनदा मागणी घातलेली. हे तिला, शेतकऱ्याच्या मुलीला, कळू नये?

मामा चप्पल घालेपर्यंत ती मागच्या दारानं निघाली होती. धापा टाकत माडीवर पोचली आणि एका दमात तिनं हेमकांतला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मशीन उघडलं की आधी तुमचं पान यावं, असं मी करून ठेवलं होतं. सगळ्या मशीनवर. तुमच्या मशीनवरचं तेवढं तुम्ही यायच्या आत मिटवायचो. आकडा त्यानंच वाढला."

"पण का?"

"सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं तेच दिसावं म्हणून... माझ्या एका मशीनवर लावलं होतं आधी. मग राहवलं नाही."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या बोलण्यानं तिचे कान लाल झाले असते. आज तिला वेळ नव्हता. जिन्यावर जाड वहाणांचा आवाज आला. हेमकांतनं तिला हातानंच मागच्या कापडी पडद्याआड जायला खुणावलं, आणि ती गेली. भीतीनं माणूस तसं करतो.

आबा आत आले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, मागं घामाघूम मामा. बाकीची पोरं आपोआप भिंतीला सरकली. आबांनी एकेका पडद्याकडे पाहिलं. सगळीकडे त्यांचीच जोडी उभी होती.

"मना बैल आठे कोनी आनात?"

"मी," हेमकांत म्हणाला. आवाज कापत होता, पण तो म्हणाला. "मीच लावलेत, आबा. विकायला नाही. नुसते दाखवायला. दुसऱ्या कुणाचा यात संबंध नाही."

"तू? तू मना गोठामा कधय उनता?"

आबांच्या गोठ्यात हेमकांतनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आबांनी बोट पडद्यावर ठेवलं. "बरं. यामा गुलब्या कोनता शे, सांग."

गेला महिनाभर हा गडी रोज सकाळी त्या बैलांचं तोंड पाहत होता. पण पारोळ्याला त्याच्या वडिलांचं शिवणयंत्र. बैलांशी त्याचा संबंध आला नव्हता. त्यानं मोरक्याकडे बोट दाखवलं.

"हाऊ पोरगा खोटं बोली राह्यना," आबा मामांकडे वळून म्हणाले. "मालकले बलाव. आनि पोलिसले."

पडद्याआड चारू उभी होती. इतके महिने ती ज्याला भीत आली होती, ते सगळं त्या वेळी दोन हातांवर उभं होतं, आणि तिच्यासाठी एक मुलगा ते अंगावर घेत होता. आणखी एक क्षण ती आत थांबली असती तर जन्मभर तिथंच राहिली असती. तिनं पडदा सारला.

"डावीकडे मोरक्या, आबा. गुलब्या उजवीकडे. मी लावले."

मामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आबांनी पुन्हा एकदा बैलांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. त्यांना एकदम दम लागल्यासारखं झालं.

"खोटं कसाले बोलनी, चारू?"

"माले भ्याव वाटना."

"कोना?"

ती रडायला लागली होती. "तुमना, आबा."

आबांचा राग कुठच्या कुठं गेला, आणि त्याजागी जे आलं ते तिला रागाहून कठीण वाटलं. या माणसानं आजवर बैलांवर चाबूक उचलला नव्हता. मुलीनं आपल्याला भ्यावं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते उपरण्यानं चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

शेवटी त्यांनी पान दाखव म्हणून सांगितलं. चारूनं एकेक चित्र उघडलं. कोठीवरच्या नागाशी ते थांबले. तो चारूच्या आईच्या हातचा होता.

"हाई बठ्ठी दुनिया देखस?"

"हो, आबा."

"मंग बैलसले नजर लागी जाई."

हेमकांत पुढं झाला. त्यानं माऊस धरला, रंगांच्या खोक्यातून काळा उचलला, आणि दोन्ही बैलांच्या कपाळाला तीट लावली. आबांनी वाकून पाहिलं. गुलब्याचा ठिपका जरा मोठा कर म्हणाले. त्यानं केला.

मामा आता बोलायला लागले होते. दाजी, पोरीला आजच घेऊन जा, धुळ्याच्यांना कळवून टाका, असं ते म्हणत होते. चारूनं डोळे पुसले. आता भीती वाटत होतीच. ती काही एका दुपारीत जात नाही. पण खोटं बोलायची ताकद संपली होती.

"आबा, मला धुळ्याला द्यायचं नका ठरवू," ती म्हणाली. घरची बोली सुटून ती कॉलेजातलं बोलू लागली होती. कदाचित ते हेमकांतलाही कळावं म्हणून. "मी इथं येत होते ते आधी चित्रांसाठी. मग यांच्यासाठी. यांना मी हे सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते."

हेमकांतच्या हातातला माऊस टेबलावरून घसरला आणि वायरीवर लोंबकळत राहिला. तो उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बाजारात पाहतात तसं, सावकाश. मग गाव विचारलं. आडनाव विचारलं. मामाकूळ कुठलं, वडील काय करतात, बहिणी किती, सगळं विचारलं. विचारता विचारता मघाचं 'तू' कधी मागं पडलं, ते हेमकांतच्या ध्यानात आलं नाही. चारूच्या आलं. ती खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

"परीक्षा होईस्तोवर ती शिकी," आबा मामांना म्हणाले. "धुळावाळासले मी सांगस." मग ते उठले, उपरणं झटकलं, आणि जिन्याशी जाऊन हेमकांतकडे वळले.

"येत्या रविवारले चोपडाले या. बैल वळखता येतस नही तुमले. देखाले या."

"येतो, आबा."

"येकला नका येवा. मायबापले संगे लई या."

आबा जिना उतरले. मामा एकदा चारूकडे, एकदा हेमकांतकडे पाहत त्यांच्यामागं गेले. चारूलाही निघायला हवं होतं. तरी ती क्षणभर थांबली. हेमकांत अजून तसाच उभा होता, कपाळावर घाम घेऊन.

"बैल पाहायला," तो हळूच म्हणाला, "आईवडलांना कशाला न्यायचं?"

चारूनं त्याच्याकडे पाहिलं. खरंच कळलं नव्हतं त्याला.

"कळेल रविवारी," ती म्हणाली. "आईला सांगा, ओटीचं सामान घेऊन यायचं."

खालून आबांनी हाक मारली. ती दोन-दोन पायऱ्या उतरत निघाली.