अर्धं तळं

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय. अमावास्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. रविवार होता, संध्याकाळचे पाच, आणि तळ्यावर लख्ख ऊन.

मावशीचे यजमान, आमचे काका, सायकली दुरुस्त करायचे. हातात जादू होती. पण रविवार उजाडला की नेमकं मावशीच्याच सायकलला पंक्चर!

"पुढच्या रविवारी जा," काका म्हणायचे.

सायकलवरून तळ्याला एक फेरी मारायची, एवढीच तिची हौस. ती बावीस वर्षं पुढच्या रविवारवर गेली.

दर वेळी पंक्चर काढलं की काका नवा व्हॉल्व्ह बसवायचे आणि मावशी त्याला नेलपॉलिशचा ठिपका लावायची. दुकानाच्या पसाऱ्यात हरवायला नको.

काका वारले. दुकान आवरताना एक डबा सापडला...

आत व्हॉल्व्हच व्हॉल्व्ह. प्रत्येकावर ठिपका.

पंक्चर कधी झालंच नव्हतं.

मावशी रडली नाही. तिनं दोन्ही चाकांत हवा भरली.

"एकटी जातेस?" माझ्या आईनं विचारलं.

"आता कोण अडवणार गं मला?"

अर्ध्या तळ्यापर्यंत बाई नुसती तरंगत होती. डावीकडे पाणी, तोंडावर वारा. मग ते झाडीतलं वळण आलं आणि...

फुस्स.

दोन्ही चाकं बसली. वाकून पाहिलं. व्हॉल्व्ह जागेवर नव्हते.

सायकल हातात धरून ती चालू लागली. चाकाची टिकटिक सोबतीला. थोड्या वेळानं दम खायला थांबली. टिकटिकही थांबली.

मागची... थांबली नाही.

तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

काठावर एक जण गळ टाकून बसला होता. "वहिनी, हवा गेली वाटतं? थांबा की जरा. मागून ते काका येतायत ना, त्यांच्याकडे पंप आहे."

मावशीनं पुन्हा वळून पाहायची हिंमत केली नाही. जीभ मात्र शाबूत होती.

"ते भरणाऱ्यातले नाहीत, भाऊ."

उरलेली फेरी तिनं पायी पुरी केली. टिकटिक तळ्याच्या फाटकापर्यंत आली.

तरी मावशी दर रविवारी जाते. दर वेळी त्याच वळणावर फुस्स! एकदा मीही सायकल घेऊन बरोबर गेले. माझ्या चाकांना काही झालं नाही. पण वळणापासून आम्ही दोघी चालत निघालो, तेव्हा टिकटिक... तीन सायकलींची होती.

"मावशी, सोड ना हा नाद!"

"का सोडू? अर्धं तळं तरी माझं झालंय."

 

गेल्या रविवारी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"अगं, आज वळणाच्या बरंच अलीकडे गेली हवा."