टाकीतली सवत

त्या दिवशीही मी नेहमीसारखी दुपारी बाराला नवऱ्याचा डबा घेऊन निघाले. एका हातात डबा, कडेवर चार महिन्यांची छकुली. नवरा धक्क्याजवळच्या शार्क केंद्रात कामाला आहे. बंदी असलेल्या जाळ्यांत सापडलेले, पर कापून विकण्यासाठी धरलेले शार्क तिथे आणतात, जगवतात आणि परत समुद्रात सोडतात.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड आणि मधोमध गोल टाकी. आत ओल्या लोखंडाचा आणि औषधाचा वास. त्या दिवशी पंप बंद होता, त्यामुळे नको तितकं शांत वाटत होतं.

नवरा कमरेएवढ्या पाण्यात होता. माझ्याएवढी लांब शार्क दोन्ही हातांवर तोलून तो टाकीत गोल गोल चालत होता. तिच्या पाठीवरचा पर अर्धा कापलेला होता आणि पोट चांगलंच फुगलेलं.

"जेवून घ्या," मी म्हटलं.

"हळू बोल. आत्ता कुठे शांत झालीय."

"कधीपासून चालताय?"

"पहाटेपासून. थांबलो तर संपली ही. कल्ल्यांतून पाणी वाहत राहिलं तरच श्वास चालतो हिचा. पोटुशी आहे गं बिचारी."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगाची आग झाली. घरी पोर रडून रडून काळीनिळी होते तेव्हा हाच माणूस कूस बदलून पांघरूण डोक्यावर ओढतो. मी पोटुशी होते तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा कधी भरून दिला नाही. आणि इथे तो तिच्यासाठी काहीतरी गुणगुणत होता... लग्न झाल्यापासून मी त्याचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

"एवढी माया आहे तर घरीच आणा तिला. मी माहेरी जाते."

तो हसला. "हात सुन्न झालेत. दहा मिनिटं धरतेस? दोन घास खाऊन येतो. फक्त चालत राहा. आणि उताणी करू नकोस. उताणी झाली की ही जात निपचित पडते."

छकुलीला मी बाकावरच्या टोपलीत निजवलं. सर्दीनं तिचा श्वास घरघरत होता, शेडभर ऐकू येत होता. पाण्यात उतरले. शार्कच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर रेशीम, आणि उलटा फिरवला तर सुताराचा काचकागद. तिचा काळा डोळा माझ्यावरच होता. मला वाटलं, हिला सगळं कळतंय.

नवरा हात धुवायला बाहेर नळावर गेला. मी तिला उताणी केलं. आणि थांबले.

ती निपचित पडली. कल्ले मिटले. मनात म्हटलं, बघू आता कुणाला जोजवतोय ते.

मग जाणवलं, शेडमध्ये आवाज नाही. घरघर नाही...

मान वळवली. टोपलीत छकुली उताणी, डोळे टक्क उघडे. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं... पण आवाज नव्हता.

धावत तिच्याकडे जायला हवं होतं ना? का कोण जाणे, माझ्या हातांनी आधी शार्क सुलटी केली आणि मी चालायला लागले. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला कल्ले हलले आणि मागून घरघर आली.

मी थांबून पाहिलं. घरघर थांबली. चालले. पुन्हा सुरू झाली.

"दे आता," नवरा परत येऊन म्हणाला.

"नको."

"अगं, दमशील."

"नको म्हटलं ना!"

"मलाच सवत आणलीस की काय?" तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. संध्याकाळी तिनं स्वतःहून शेपटी झटकेपर्यंत मी तिला कुणाला हात लावू दिला नाही. मग तिला बोटीतून नेऊन लांब सोडली.

डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे. माझा जीव मात्र टांगणीला लागला. समुद्रात जाळी काय कमी आहेत? रोज सकाळी मी धक्क्यावर जाते आणि प्रत्येक बोटीला हात जोडते, "दादा, शार्क लागली तर पर कापू नका. नुसती फेकूही नका, हिंडवून सोडा." काहीजण हसतात, "आली शार्कांची मावशी!" काहीजण ऐकतात.

परवा सकाळी नऊला छकुलीचा श्वास थांबला. मी तिला दोन्ही हातांवर आडवी धरली आणि घरात गोल गोल चालत राहिले. पाऊण तासानं ती रडली.

दुपारी धक्क्यावर एका मासेमारी बोटीचा तांडेल आपणहून जवळ आला. "वहिनी, सकाळी नऊला एक लागली बघा. अर्धा पर कापलेली. पाऊण तास धरून हिंडवली, तेव्हा कुठे हलली."

"पोटुशी होती?"

"छे, पोट सपाट. पण गंमत सांगू? सोडली तरी जाईना. बोटीभोवती फिरत राहिली... पिल्लू हरवलेल्या आईसारखी. धक्का दिसेपर्यंत मागे होती."

मी तशीच माघारी वळले. घरी आले, समुद्राकडची खिडकी लावून घेतली. छकुली माझी आहे. नऊ महिने मी पोटात वाढवलीय तिला, मी. ती हल्ली माझ्याकडे बघत नाही, त्या बंद खिडकीकडे बघते, तरीही.

आज सकाळी तिला तेल लावत होते. पाठीवरून हात खाली नेला, रेशीम. वर आणला... आणि माझ्या तळव्याला ओरखडा उठला.