कल्लव्वाचा कोरा हात

सोलापुरात म्हातारा चेहरा बघायचा असेल, तर एकच जागा उरली होती. गावाबाहेर त्वचा परीक्षण केंद्राच्या आवारात एक बैठं घर होतं. त्याच्या ओसरीला जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेली होती आणि काचेच्या आत खुर्ची टाकून कल्लव्वा बिराजदार बसलेली असे. शाळांच्या सहली यायच्या. मुलं काचेला नाक लावून बघत राहायची.

"अव्वा, हसा की एकदा," एखादी धीट मुलगी म्हणायची.

कल्लव्वा हसायची. मग डोळ्यांच्या कडेच्या रेघा पंख्यासारख्या उघडायच्या, गाल दुमडायचे, हनुवटीवर बारीक जाळं उमटायचं. मुलं टाळ्या वाजवायची.

"बघा, बघून घ्या फुकटात," ती आतून म्हणायची. "तुमच्या बाई माझ्यापेक्षा फार तर धा वर्सांनी लहान असतील. पण त्यांच्या तोंडाकडं बघायला कोण येतंय का?"

बाई लाजून हसायच्या. त्या दिसायला पंचविशीच्या होत्या. काचेबाहेर सगळेच पंचविशीचे दिसत.

हे पुसणीमुळे झालं होतं. माणूस जगत जातो तसतशा त्याच्या कातडीच्या पेशींवर बारीक रासायनिक खुणा चढत जातात. ऊन एक खूण ठेवतं, धूर एक ठेवतो, आजारपण एक ठेवतं. पेशीच्या आत आईबापाकडून आलेला जो धागा असतो त्याला या खुणा चिकटतात, आणि त्या फार झाल्या की पेशी आपलं काम विसरू लागते. कातडी पातळ होते, सैल पडते, जखम भरायला वेळ लागतो. शास्त्रज्ञांनी या खुणांना काळखुणा असं नाव दिलं आणि त्या हळूहळू उतरवणारा एक पदार्थ शोधला. लेपात तेल असतं, पाणी असतं, सुवास असतो; पण खरं काम करणारा पदार्थ एखादाच. त्याला सक्रिय घटक म्हणतात. या घटकाला लोकांनी आपलं सोपं नाव दिलं, पुसणी.

पुसणी ही नुसती नटण्यामुरडण्याची वस्तू नव्हती. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमा तिनं भरून आणल्या. उन्हात राबणाऱ्यांचा कातडीचा कर्करोग तिनं जवळजवळ संपवला. कल्लव्वाचा मुलगा चादरीच्या कारखान्यात वाफेनं भाजला होता. पहिल्या पुसणीनं त्याचं तोंड त्याला परत दिलं. त्याच सुमारास केंद्राला पुसणी न लावणारी माणसं हवी होती. कल्लव्वा आपणहून गेली.

"माझ्या पोराला तोंड दिलासा," ती म्हणाली होती, "आता माझं तोंड तुमी ठिवून घ्या."

अशा माणसांना केंद्रात 'कोरी माणसं' म्हणत. नव्या घटकानं खरोखर काही होतं का, हे ठरवायचं तर शेजारी काहीच न लावलेली कातडी लागते. दोन्हींत फरक दिसला तर घटक कामाचा. नाही दिसला तर तो नुसता सुवास. काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीवर हे पुरतं कळत नाही, कारण ती कातडी कधी उन्हात बसलेली नसते, कधी रडलेली नसते. पूर्वी केंद्रात कोरी माणसं बरीच होती. कोणी वारलं, कोणी कंटाळून निघून गेलं. आता कल्लव्वा एकटीच राहिली होती. साऱ्या देशात नवा लेप निघाला की तो आधी तिच्या कोऱ्या हाताशी ताडून पाहिला जाई.

कोरं राहणं मात्र सोपं नव्हतं. पुसणी आता साबणात होती, उटण्यात होती, बाळाच्या मालिशच्या तेलात होती. माणसाच्या कातडीला ती सतत असे आणि शिवल्यावर दुसऱ्याला लागे. लगेच धुतली तर निघून जाई, पण थोडा वेळ अंगावर राहिली की आत उतरे. म्हणून कोऱ्या माणसाला कोणी उघड्या हातानं शिवायचं नाही, असा नियम होता. नातीच्या लग्नात सगळ्यांनी एकमेकींना हळद फासली, आणि कल्लव्वा हातमोजे घालून लांब मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. हळदीतही पुसणी होती.

"मी नवं सोवळं पाळतीया," ती चेष्टेनं सांगायची. "जुन्या सोवळ्यात निदान नैवेद्याचं ताट तरी मिळत हुतं."

डॉक्टर उर्मिला आराध्ये केंद्राची मुख्य परीक्षक होती. तिचा जन्म झाला तेव्हाच पुसणी मालिशच्या तेलात आलेली होती, म्हणजे तिनं स्वतःची कोरी कातडी कधी पाहिलेलीच नव्हती. कल्लव्वाविषयी तिला मनापासून आदर होता. रोज सकाळी हातमोजे घालून, यंत्र कल्लव्वाच्या कपाळावर धरून ती रेघांची खोली मोजायची, आणि एखाद्या गवयाचं गाणं ऐकावं तशी गप्प व्हायची.

त्या वर्षी नवी पुसणी तयार झाली होती. जुनी रोज लावावी लागे. नवी बाळाला एकदाच चोळली की पुढं कायमची पुरेल, असा बनवणाऱ्यांचा दावा होता. ती देशातल्या प्रत्येक बाळाच्या पहिल्या मालिशमध्ये घालायचं घाटत होतं. एकदा लावली की ती उतरवता येणार नव्हती, म्हणून आधी नीट पारखणं भाग होतं.

उर्मिलानं कल्लव्वाच्या डाव्या हातावर, कोपराखाली, दोन चौकोन आखले. एकात जुनी पुसणी, एकात नवी. भोवताली मेणाची बारीक कड, म्हणजे घटक बाहेर पसरू नये. बाकीचा हात कोरा.

चौकोन आखून झाले त्याच दिवशी कल्लव्वाची नात विजयालक्ष्मी आपल्या मुलीला घेऊन भेटायला आली. मुलीचं नाव गिरिजा. नुकती नीट बोलायला लागलेली. ती काचेशी आली आणि तिनं पणजीच्या तोंडाकडं पुष्कळ वेळ बघितलं.

"मोठ्ठी अव्वा, तुझ्या तोंडावर रेघा कुणी काढल्या?"

"तुझ्या आज्जानं," कल्लव्वा म्हणाली. "लहानपणी लई वांड हुतं ते."

"मी हात लावू?"

विजयालक्ष्मीनं मुलीला मागं ओढलं. "नाही गं राणी, मोठ्या अव्वाला हात लावायचा नसतो."

त्या दोघी गेल्यावर कल्लव्वानं उर्मिलाला हाक मारली. "डाक्टरीण, मला सोड आता."

"म्हणजे?"

"म्हंजे भाईर जाऊ दे. ती पोरगी मोठी व्हायच्या आत तिला एकदा मांडीवर घेऊ दे. मोजे न घालता. नातीला न्हाय घेतलं, तिच्या भावाला न्हाय घेतलं. आता बास."

कोऱ्या माणसाला कधीही, काहीही कारण न देता निघून जाता येई. नियमच तसा होता. उर्मिला खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"अव्वा, तुम्हाला अडवायचा मला हक्क नाही. पण ही एवढी चाचणी होऊ द्या. हा घटक पुढच्या सगळ्या पोरांच्या अंगाला लागणार आहे. तुम्ही गेलात तर तो बरा की वाईट, हे सांगणारं जगात कोणी उरत नाही."

"माझ्याबिगर तुमचं शास्त्र एवढं पांगळं हाय व्हय?"

"आहे."

कल्लव्वाला हसू आलं. "खरं बोलतीस म्हणून तुझ्यावर माझा जीव हाय. बरं, थांबते. पण मग दार उघडायचं."

"उघडीन. मी स्वतः उघडीन."

चाचणी सुरू झाली आणि दोन्ही चौकोन बदलू लागले. आधी बारीक रेघा गेल्या, मग काळे डाग विरले, मग खालचं मांस धरून कातडी तुकतुकीत झाली. उतारवयाच्या त्या हातावर दोन खिडक्या उघडल्यासारख्या दिसत. केंद्रातले सगळे बघायला आले. वर्षानुवर्षं हेच काम करणारी माणसं ती, पण म्हातारपणाच्या शेजारी तरुणपण एकाच हातावर असं बघितलं की त्यांचाही श्वास अडे.

"ह्यो चौकोन माझ्या लग्नातला हाय," कल्लव्वा जुन्या पुसणीकडं बोट दाखवून म्हणाली. "आन ह्यो त्याच्या आदल्या वर्साचा."

सगळ्या तपासण्या झाल्या. कातडी ओढून सोडली तर किती चटकन बसते, ओल किती धरते, सुई टोचली तर कळते का, गरम कळतं का, गार कळतं का. यंत्रांनी सगळ्याला उत्तम म्हणून सांगितलं. नवी पुसणी जुनीपेक्षाही सरस होती. उर्मिलाला मनापासून आनंद झाला. निकालावर सही करायची तेवढी बाकी ठेवून ती आधी बैठ्या घराकडं गेली, कारण शब्द दिला होता. विजयालक्ष्मी मुलीला घेऊन आलेलीच होती.

उर्मिलानं काचेचं दार उघडलं. गिरिजा धावत आत गेली आणि आत गेल्यावर एकदम लाजली. कल्लव्वानं मोजे काढून टाकले.

"ये की. लाव हात."

मुलीनं आधी एक बोट लावलं. मग सगळा तळवा पणजीच्या डाव्या हातावर ठेवला आणि कोपरापासून खाली, मांजराला कुरवाळावं तसा, हळूहळू फिरवला.

"रेघा मऊ आहेत," ती आईला म्हणाली.

कल्लव्वाचे डोळे मिटले होते. तोंडावरची एकूण एक रेघ सैल पडली होती. इतक्या वर्षांत तो चेहरा उर्मिलानं असा कधी पाहिला नव्हता.

"अजून कर," कल्लव्वा म्हणाली. "आन मधी मधी हात उचलू नको गं."

"मी नाही उचलला."

"उचललास की. दोनदा उचललास."

उर्मिला पुढं झाली. मुलीनं हात उचलला नव्हता. उर्मिलानं स्वतः बघितलं होतं. तिनं मोजे घातले, गिरिजाचं मनगट धरलं आणि तिचं बोट कल्लव्वाच्या हातावरून तसंच सावकाश नेलं. "अव्वा, डोळे उघडू नका. काय वाटतं ते सांगत राहा."

"माया आली," कल्लव्वा म्हणाली. "आली... आली... गेली. आली. गेली... आता परत आली."

जिथं जिथं ती 'गेली' म्हणाली, तिथं तिथं बोट चौकोनावर होतं. जुन्यावरही आणि नव्यावरही.

"काहीच कळत नाही का तिथं?"

"बोट लागतंय ते कळतंय की. पण कुनाचं लागतंय ते कळंना. लाकूड फिरवल्यागत."

उर्मिला खाली फरशीवर बसली. तिला शिकतानाचा एक धडा आठवला, जो परीक्षेपुरता वाचून ती विसरली होती. कातडीत काही तंतू अतिशय सावकाश चालतात. टोचलं, भाजलं तर झटकन सांगणारे तंतू वेगळे. हे मंद तंतू फक्त एकाच गोष्टीला जागे होतात, हळू फिरणाऱ्या मऊ, ऊबदार हाताला. ते जागे झाले की माणसाला कशाची भीती वाटत नाही. जन्मल्यापासून आईच्या हाताखाली ते तयार होत जातात. म्हणजे आईचा हातही एक खूणच ठेवतो. आणि पुसणी कुठली खूण कशाची, हे बघत बसत नव्हती.

हे कुणी तपासलंच नव्हतं. तपासणार कसं? ते कळायला कोऱ्या कातडीवरून मायेचा हात फिरायला हवा होता, आणि कोऱ्या माणसाला शिवायचं नाही हा त्यांचाच नियम होता. ज्यांनी कधीतरी ती माया अनुभवली होती, त्यांचीही ती हळूहळू गेली. माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत, असं ते म्हणायचे. पण ते तर म्हातारे नेहमीच म्हणत आले होते.

उर्मिलानं बाही वर केली. "गिरिजा, मला कर बरं तसंच."

मुलीनं केलं. कल्लव्वा डोळे उघडून बघत होती.

"कळलं?"

"हात कळला. थोडा गरम आहे."

"तेवढंच?"

"अजून काय असतं, अव्वा?"

कल्लव्वानं सांगायला तोंड उघडलं. शब्द शोधले, हात हलवला. मग काहीतरी मनात येऊन तिनं गिरिजाला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं, फ्रॉक वर करून तिच्या उघड्या पाठीवरून तळवा फिरवला. मानेपासून कमरेपर्यंत, अगदी हळू, पुन्हा पुन्हा. एवढ्या वर्षांची तहान त्या हातात होती.

मुलगी शांत बसून वाट बघत राहिली.

"मोठ्ठी अव्वा," शेवटी तिनं विचारलं, "माझ्या पाठीवरचं काय पुसायलीस?"

विजयालक्ष्मीला काय झालं ते समजलं नव्हतं. ती एकीकडून दुसरीकडं बघत होती. उर्मिला फरशीवरून उठली.

"अव्वा, आत्ता धुतलं तर अजून निघेल. अजून तुम्ही कोऱ्याच आहात. नवी पुसणी मी थांबवीन. पण नुसतं थांबवून भागणार नाही. जे गेलं ते परत आणायचा उपाय शोधावा लागेल, आणि तो सापडला की नाही हे फक्त तुमचा हात सांगू शकेल. मी थांबा म्हणत नाही. म्हणणार नाही."

कल्लव्वानं मुलीची पाठ फ्रॉकखाली झाकली. तिच्या केसांचा वास घेतला. केसांच्या तेलातही पुसणी होती, पण उर्मिलानं अडवलं नाही.

"किती वर्सं लागतील?"

"माहीत नाही."

"मी मेल्यावर?"

उर्मिलानं तिच्या हातावरच्या दोन चौकोनांकडं पाहिलं.

"हिला घेऊन जा, विजू," कल्लव्वा म्हणाली. तिनं गिरिजाला मांडीवरून खाली उतरवलं. मग उठली, नळाशी गेली आणि साबण न घेताच आधी नुसत्या पाण्यानं हात धुतला, उजव्या हातानं डावा, कोपरापासून खाली, अगदी सावकाश. मग साबण घेतला.

काचेचं दार तिनंच लोटून घेतलं.

बाहेर गिरिजा काचेला नाक लावून उभी होती. "मोठी अव्वा का रडते?"

"हात दुखत असेल," विजयालक्ष्मी म्हणाली, आणि ती अगदी खरं वाटून तसं म्हणाली. मग दोघी फाटकाकडं निघाल्या. उर्मिला त्यांच्याकडं बघत राहिली. मायलेकी शेजारी शेजारी चालल्या होत्या, मजेत बोलत होत्या, आणि दोघींचे हात आपापल्या बाजूला मोकळे हलत होते.

उर्मिलानं आवारातल्या बाकीच्या माणसांकडं पाहिलं. सगळी देखणी, निरोगी, हसरी माणसं होती. कुणीही कुणाचा हात धरलेला नव्हता.