डॉर्कसच्या नावापुढची फुली

गिडियन प्रुइटच्या थोरल्या मुलीचं, लविनियाचं, लग्न झालं ते साल १८७४. लग्न बारा सप्टेंबरला झालं. त्यानंतर पाच आठवड्यांनी एका सकाळी सिनसिनाटीतल्या त्याच्या न्हाव्याच्या दुकानात एक गोरा वकील टोपी न काढता शिरला.

"गिडियन प्रुइट तूच?"

"मीच. दाढी की केस?"

"दोन्ही नको. मिसिसिपीचा दस्त-कमिशनर हवाय."

गिडियननं वस्तरा पुसून ठेवला. मिसिसिपीतल्या जमिनीच्या कागदावर इथे ओहायोत सही झाली, तर सही करणारा खरा आहे आणि राजीखुशीनं करतोय, असा दाखला लागे. तो मिसिसिपीच्या गव्हर्नरनं नेमलेल्या माणसानंच द्यायचा. गिडियनच्या काळ्या लोकांच्या वस्तीतून असा माणूस पहिल्यांदाच नेमला गेला होता.

वकिलाचं नाव थॉर्नहिल. त्यानं साबणाची वाटी सरकवून कागद पसरला. वस्तीतल्या डॉर्कस मेह्यूनं मिसिसिपीतली आपली चाळीस एकर जमीन विकल्याचं खरेदीखत. तिच्या नावापुढे, सहीच्या जागी, फुली. खाली दाखला, तारीख तीन सप्टेंबर. त्याखाली गिडियनची सही आणि कागदात दाबून उठवलेला शिक्का.

शिक्का त्याचाच होता. सही बघून तर क्षणभर त्याची छाती फुगली. किती सरळ, किती गोल अक्षरं! मिस हेस्टर क्रेन यांच्या शाळेत, सेहेचाळिसाव्या वर्षी, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसून तो ती शिकला होता.

मग त्यानं फुली पाहिली. नाजूक, स्वच्छ फुली. एक रेघ बारीक, एक ठसठशीत. कुठे डाग नाही.

"तिचा दीर तिकडे बोंबलतोय की ती विकणं शक्यच नाही," वकील म्हणाला. "नोंदणी अडलीय. सही तुझी ना?"

"हो म्हटलं तर?"

"जमीन माझ्या अशिलाची."

"नाही म्हटलं तर?"

"मग तुझा शिक्का इथे कसा आला, ते कोर्टात सांग. उद्या दुपारी माझी बोट आहे."

"कागद तुमच्याकडे कसा आला?"

"टपालानं. चौदा सप्टेंबरचा इथला छाप होता. पैसेही टपालानंच पाठवले. डॉर्कस मेह्यू, शाळेच्या पत्त्यावर."

वस्तीतली निरक्षर माणसं टपाल शाळेच्या पत्त्यावरच मागवत. आणि पोस्टातून ते आणायचं काम जोसेफसचं. जोसेफस म्हणजे त्याचा नवा जावई.

डॉर्कस परसात इस्त्री करत होती. ऐकल्यावर इस्त्री शर्टावरच राहिली.

"मी विकीन? दादा, तिथं माझा नवरा जेकब पुरलाय! झाडं तोडून तोडून त्यानं ती जमीन मोकळी केली नि तिच्यातच गेला. वसंतात मी परत जाणार. त्यासाठीच तर परक्यांच्या कॉलरी कडक करतेय."

"शर्ट जळतोय. तीन सप्टेंबरला तू माझ्या घरी आली होतीस?"

"आले होते की. दिराचं पत्र वाचून घ्यायला. शाळेच्या बाईंना ताप होता, त्यांनीच तुझ्याकडे पाठवलं."

"कशावर फुली मारलीस?"

"कॉफी प्याले फक्त. तुझ्या लेटीनं साखरसुद्धा मोजून घातली."

घरी बायको लेटी वाटच पाहत होती. वकिलाची बातमी तिच्या कानावर आधीच आली होती. गिडियननं आल्या आल्या जोसेफसचं नाव काढलं.

"जावयावर संशय घेतोस?" ती म्हणाली. "लाज नाही वाटत? अजून पोरीचा लग्नाचा झगा धुऊन व्हायचाय!"

"वाटते. म्हणून तर विचारतोय. शिक्का अकरा सप्टेंबरला घडवून आला. चौदाला कागद टपालात. मधे तो कुठे होता?"

"कपाटावर, उघडा. तू किल्ली गळ्यात घालून झोपायला लागलास ते लग्नानंतरच्या सोमवारपासून. त्याआधी निम्मी वस्ती तो दाबून बघून गेली."

"घर रिकामं कधी होतं?"

"लग्नाच्या सकाळी. मिस हेस्टर तेवढ्या मागे थांबल्या, केकवर साखर लावायला. दुसऱ्या भजनाला आल्या चर्चमध्ये."

"आणि जोसेफस?"

"नवरदेव तो! पायरीवर घाम पुसत उभा होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी मात्र दिवसभर इथेच होता," लेटी म्हणाली, आणि मग तिनंच ओठ चावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिडियननं चौघांना शाळेत बोलावलं. वकील, डॉर्कस, जोसेफस आणि मिस हेस्टर. टेबलावर दौत, टाक आणि कोरे कागद.

"वकीलसाहेब सोडून प्रत्येकानं एक फुली मारायची."

"मामा, मला लिहिता येतं," जोसेफस तणतणला.

"म्हणूनच मार."

जोसेफसनं फर्रकन मारली. डॉर्कसनं टाक लाटण्यासारखा मुठीत धरला. निब कागदात घुसली, शाईचा थेंब पडला. मिस हेस्टरनं टाक बुडवला, सवयीनं निब दौतीच्या काठाला पुसली आणि हलक्या हातानं दोन रेघा काढल्या.

"आता ऐका," गिडियन म्हणाला. "नेमणुकीचा कागद ऑगस्टअखेर आला. चर्चमध्ये प्रार्थना झाली नि वस्ती मला कमिशनर म्हणायला लागली. पण कागद आला म्हणून माणूस कमिशनर होत नाही. आधी न्यायाधीशापुढे शपथ, मग ती शपथ, सही नि शिक्क्याचा ठसा मिसिसिपीच्या दप्तरात. न्यायाधीश गावाला गेले होते. माझी शपथ झाली एकवीस सप्टेंबरला. तीन तारखेला मी नुसता न्हावी होतो, वकीलसाहेब. आणि शिक्का तर घडायचाच होता."

थॉर्नहिलचा चेहरा उतरला. "म्हणजे दाखला फुकट."

"फुकट. डॉर्कसची जमीन डॉर्कसची. पण केलं कुणी? तीन तारीखच का? त्या दिवशी डॉर्कस माझ्याकडे आल्याचं ज्याला ठाऊक होतं, त्यानं. फुली कुणी मारली? टाक धरणाऱ्या हातानं. मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत फुली मारत होतो. ती कागद फाडते. राहिली सही."

त्यानं आपली जुनी वही उघडली. वरच्या ओळीत बाईंनी कित्ता म्हणून लिहिलेलं त्याचं नाव. खाली त्यानं गिरवलेलं, थरथरतं.

"काल ही सही बघून मला अभिमान वाटला. नंतर लक्षात आलं, माझी सही इतकी चांगली कधी आलीच नाही. जोसेफसचं अक्षर कचेरीतलं, तिरपं. ही सही वरच्या ओळीची आहे, बाई. लग्नाच्या सकाळी घरात तुम्ही एकट्या होतात."

मिस हेस्टर खाली बसल्या.

"भाडं थकलं म्हणून घरमालक शाळा बंद करणार होता. जमिनीचे पैसे त्यालाच दिले," त्या म्हणाल्या. "साठ मुलं, गिडियन. आणि ती जमीन गवतात पडलेली. मला वाटलं, जिथल्या गुलामीतून सुटून आलो तिथे कोण परत जातं?"

"मला विचारायला तुमच्या जिभेला काय झालं होतं, बाई?" डॉर्कस म्हणाली. "सगळी पत्रं तर तुम्हीच वाचायचात."

थॉर्नहिल कागद उचलून पोलिसाला आणायला निघाला. गिडियननं आधी जोसेफसची माफी मागितली. मग बाईंची शाल खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिली.

मिस हेस्टर क्रेन १८७६ च्या जानेवारीत तुरुंगात छातीच्या दुखण्यानं वारल्या. डॉर्कस मेह्यू १८८९ च्या मे महिन्यात मिसिसिपीत, आपल्या चाळीस एकरांत वारली.