मागची फळी

धाकट्या मिस्त्रीनं साठी ओलांडली होती, तरी अख्ख्या पेठेला तो धाकटाच. कारण थोरले मिस्त्री, म्हणजे त्याचे वडील, नव्वदी गाठूनही रोज दुकानात येऊन बसायचे आणि त्याच्या हातातला रंधा काढून घेत म्हणायचे, "लाकूड सोलतोयस की बटाटा?" एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले.

भेटायला माणसं लोटली. जो तो आठवणी काढी. खेड्यातला जन्म, गुरं राखता राखता चुलत्याकडे करवत धरायला शिकले, नीट मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले, लढाई बघून परतले आणि मग जन्मभर फक्त लाकूड. त्यांच्या हातचं कपाट नाही असं घर त्या भागात शोधून सापडलं नसतं. एवढं कौतुक झालं की माणूस चहाचा कप खाली ठेवायचा आणि हसू दाबत म्हणायचाच, "पण ती मागची फळी मात्र राहिलीच हो!" लोकांना काय, गेलेल्या माणसाचीही थट्टा पचते.

ही फळी धाकट्याच्या पाचवीला पुजलेली. म्हाताऱ्यानं आयुष्यात एकाही कपाटाची मागची फळी खिळ्यानं पक्की केली नाही. नुसती खाचेत बसवायची, आतून खांदा दिला की निघून पडेल अशी. वर कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा हट्ट. का, तर म्हणे, "आत कुणी राहिलं तर?" गिऱ्हाईक हसायचं आणि धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लहानपणी त्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा ते एकदाच बोलले होते. लढाईत जमिनीखालचा खंदक ढासळला. पाठीमागची फळी सैल होती, म्हणून ते बाहेर आले. "बाकीचे आत राहिले. वाजवत होते," एवढं म्हणाले आणि उठून गेले.

वडील गेल्यावर धाकट्यानं ठरवलं, बस्स झाली थट्टा. बापाचं अर्धं राहिलेलं काम आपण पुरं करायचं, घरोघर जाऊन, फुकट. त्यानं एकेक फळी खिळ्यांनी ठोकली, कपाटं भिंतीला टेकवली. लोक खूश, खोल्या ऐसपैस झाल्या. शेवटी त्यानं घरचं कपाट ठोकलं, आईच्या खोलीतलं, बाबांनी लग्नानंतर केलेलं. ते भिंतीला लावायला चार माणसं बोलवावी लागली. त्या रात्री धाकटा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

पुढच्याच आठवड्यात शिंपीणबाई दुकानात आल्या. "मिस्त्री, तुम्ही फळी ठोकलीत ना, तेव्हापासून कपाट वाजतंय."

"लाकूड आहे, बाई. हवा बदलली की बोलतं."

"बोलत नाही हो. टकटक करतं."

तो गेला. शिवणयंत्र बंद होतं, खिडकीतून कपाटावर ऊन आलं होतं. त्यानं दारावर तळहात ठेवला. आतून टकटक झाली. त्यानं हात सरकवला, तर टकटकही सरकून पुन्हा तळहाताखाली आली. "उंदीर असेल," म्हणत त्यानं बाईंच्या मदतीनं कपाट पुढं ओढलं आणि फळी उचकटली. आत घड्या घातलेलं कापड होतं, आणि कोपऱ्यात मूठभर ओली माती. टकटक थांबली होती.

मग औषधवाला आला, मग शाळेचे मास्तर. सगळीकडे तेच. फळी काढली की शांत. धाकट्याचा जीव मेटाकुटीला आला. आता कुणी हसत नव्हतं, आणि ते त्याला थट्टेपेक्षा जास्त लागत होतं. बापाचं नाव राखायला जे खिळे ठोकले, ते स्वतःच्याच हातानं उपटत तो फिरत होता.

राहिलं घरचं कपाट.

आई ठार बहिरी होती. तरी हल्ली ती दिवसभर त्या कपाटाच्या दाराला पाठ टेकून बसायची. फळी काढायचीय, असं धाकट्यानं हातवारे करून सांगितलं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे वाजवतात. पाठीला कळतं मला. हे गेले आणि घर नुसतं खायला उठलं होतं रे. तेवढी एक सोबत आहे, तीही काढून घेतोस?"

त्याला रडू फुटलं. ते बाबा नाहीत, हे तिला कसं सांगायचं? बाबा तर तेव्हाच खंदकातून बाहेर आले होते.

ती आंघोळीला गेल्यावर त्यानं डाव साधला. कपाट एकट्यानं हलण्यातलं नव्हतं, फळी आतूनच फोडावी लागणार होती. हत्यारांची पिशवी बाहेर जमिनीवर ठेवून, फौजेतला जाड कोट बाजूला सारून, कुठून फोडायची ते चाचपायला तो आत शिरला. ओल्या मातीचा वास आला. मागं दार आपल्या वजनानं लागलं आणि बाहेरची कडी खटकन पडली. बाबांनी बसवलेली कडी, ती कधीच चुकायची नाही.

त्यानं फळीला खांदा दिला. ती तसूभर हलली नाही. त्यानंच ठोकली होती.

"आई!"

मग त्याला आठवलं.

तो मुठींनी दार वाजवू लागला. बऱ्याच वेळानं दाराला बाहेरून काहीतरी टेकलं. आई येऊन बसली होती.

"आज किती जोरात वाजवताय हो," ती म्हणाली. आवाजात लाडिकपणा होता. "बसलेय ना मी इथंच."

तो ओरडला, लाथा मारल्या. ती बोलत राहिली. धाकटा न सांगतासवरता कुठं गेलाय, जेवायलाही आला नाही, त्याला जरा समज द्या म्हणाली.

हात सोलवटले. श्वास पुरेना.

त्यानं मूठ खाली घेतली.

त्याच्या खांद्याशेजारून टकटक सुरू झाली. सावकाश, न थकता.

"हां," बाहेर आई समाधानानं म्हणाली. "आता ओळखीचं वाजलं."